बाबांचा १९८२ सालचा अ‍ॅम्प्लिफायर: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

दुरुस्त करून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

बाबांनी १९८२ साली घेतलेला हा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, चॅनलला वीस वॅटचा, मुंबईत बनलेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चाळीस वर्षांनी कंडेन्सर (आतले वीज साठवणारे भाग) सुकले, त्यात तिचा काय दोष? सागवानी व्हिनियरची पेटी, पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आवाजाची पातळी दाखवणारे काट्यांचे दोन मीटर. बारा वर्षं माळ्यावर जुन्या गाद्यांखाली पडून होता.

माळ्यावरून काढलेला सेट थेट प्लगला लावू नका. साठ वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा. बल्ब भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच रसरसत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. माझा मंद झाला, पण स्पीकरमधून जाडसर घुंईऽऽ सुरू झालं. आपली लाइन पन्नास हर्ट्झची, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर ती लहर शंभरची होते, आणि ती सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर सुकले की तीच ऐकू येते. जुने कंडेन्सर ५० व्होल्टचे आणि सर्किटचा सप्लाय ४८. आमच्याकडे रात्री लाइन २४५ व्होल्टपर्यंत चढते, म्हणजे आतला सप्लाय पन्नाशी ओलांडणार. ६३ व्होल्टचे घेतले. आजकालचे आकाराने जवळजवळ निम्मे असतात, जुन्या क्लॅम्पमध्ये खुळखुळायला लागले, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बसवले.

खरा छळ व्हॉल्यूमच्या खरखरीने केला. नॉब फिरवला की वाळूत चप्पल घासल्यासारखा आवाज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आठ दिवस बरं, पुन्हा खरखर. तीनदा हेच झालं. पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) झिजलाय असं ठरवून नवा शोधायला पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन चकरा मारल्या, तसा दुहेरी लॉग पॉट आणि त्याच लांबीचा दांडा काही मिळेना. शेवटी एका संध्याकाळी कंटाळून मल्टिमीटर लावला. पॉटच्या वरच्या टोकाला डीसी शून्य हवा, तिथे ०.३ व्होल्ट! आधीच्या स्टेजचा ४.७ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर गळत होता, म्हणजे आवाजाबरोबर डीसीही पुढे सोडत होता. पॉटवर डीसी आला की नॉब फिरवताना खरखर होणारच, मग क्लीनरची बाटली रिकामी केली तरी. पाच रुपयांचा कंडेन्सर बदलला, आठ महिन्यांत एकदाही खरखर नाही. दुरुस्तीवाले काका म्हणायचे, "आधी मोज, मग पूस." मी उलटं केलं.

हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर मी बदलले नाहीत. चारही २एन३०५५, लोखंडी टोपीचे. लहरीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अर्ध्यांना एनपीएनच, त्याच्या उलट्या जातीचा पीएनपी नाही, कारण त्या काळी जोडीला चांगला सिलिकॉन पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर महाग पडायचा. बाजारात या नंबरचा बनावट मालही फिरतो, टोपी तीच आणि आत चिप एवढीशी. जुने धडधाकट असताना कशाला हात लावा? बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) तेवढा जुळवला: ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर बारा मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण पंचवीस मिलिअँपिअर.

तेव्हाच लक्षात आलं की उजव्या चॅनलचे दोन ट्रान्झिस्टर वेगळ्या छापाचे आहेत, आणि त्यांच्याखालचा मायका (वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा) हाताने कातरलेला. म्हणजे कधीतरी उडाले होते. आम्हाला तर लहानपणी या सेटजवळ फिरकायची परवानगी नव्हती. आईला विचारलं. ती हसायलाच लागली. १९८६ च्या गणपतीत बाबांनी तो गुपचूप मंडळाला दिला होता, पावसात स्पीकरच्या वायरी शॉर्ट झाल्या. चार महिने "सर्व्हिसिंगला" गेला होता म्हणे.

आता रोजच्या वापराचं. सकाळी रेडिओ, रात्री फोनवरून गाणी. मागे पाच पिनांचं डिन सॉकेट (जुन्या सेटांचं गोल सॉकेट), केबल घरीच बनवली. मी आधी १ आणि ४ ला जोडलं, ते निघालं टेपवर रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट. इनपुट ३ आणि ५, ग्राउंड २. यात दोन संध्याकाळी गेल्या.

आवाज भरीव आहे, गाणाऱ्याचा गळा पुढे येतो, तबल्याचा डग्गा नीट घुमतो. बारीक झांजा आजच्या सेटइतक्या सुट्या ऐकू येत नाहीत, हे कबूल करतो. अगदी कमी आवाजात डावी बाजू जरा मोठी वाजते. दुहेरी पॉटचे दोन ट्रॅक खालच्या टोकाला जुळत नाहीत, याला इलाज नाही, मी बॅलन्स थोडा उजवीकडे ठेवतो. चालू करताना स्पीकर "धप्प" करतो. घाबरू नका, आउटपुटचा मोठा कंडेन्सर चार्ज होतो तेव्हाचा तो धक्का. पुढेमागे ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाच तर हाच कंडेन्सर डीसी अडवून स्पीकर वाचवेल. पेटीवर काही ठेवून ती झाकू नका, तिला वारा लागतो. मीटरमध्ये एलईडी घातले होते, दवाखान्यासारखा पांढरा उजेड पडला, परत साधे बारा व्होल्टचे बल्ब लावले.

एकूण खर्च साडेअठराशे, त्यात वाया गेलेला क्लीनरही आला. रिमोट नाही, ब्लूटूथ नाही, तेवढं उठायचं.

एक तक्रार बरेच दिवस राहिली होती, आईची. "तेव्हा असा नव्हता वाजत, आता पातळ वाजतो." मी कंडेन्सर तपासले, बायस पुन्हा पाहिला, काही सापडेना. मग ताईच्या बारशाच्या एका फोटोत मागे हा सेट दिसला. बेसचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा तीनवर. मी तो आठ महिने शिस्तीत बारावर ठेवत होतो! तीनवर नेला. आई पोळी लाटत होती, मान न वळवता म्हणाली, "हां, हा आपला."

तीनवर काटे मात्र तांबड्या पट्टीत शिरतात, म्हणून व्हॉल्यूम एक रेघ खाली ठेवतो.