पंचेचाळीस सीसीची चेनसॉ, सोळा इंची पट्टी : दसऱ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंतचा अनुभव

कटर, म्हणजे चेनसॉ, घ्यायला गेलं की दुकानदार आधी पट्टीची, म्हणजे जिच्यावरून चेन फिरते त्या पात्याची, लांबी विचारतो. मग बावीस इंची पट्टीची, ५८ सीसीची, झगझगीत रंगाची मशीन काउंटरवर ठेवतो आणि किंमत सांगतो. किंमत ऐकून माणूस विरघळतो. आमच्या देवगड-राजापूरच्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त बागांमधून तीच मशीन गुरगुरताना ऐकू येते. मी ती सोडून स्टिल (Stihl) कंपनीची एमएस २५० घेतली, सोळा इंची पट्टी लावून. दसऱ्याच्या सुमारास घरी आणली. तेव्हापासून कलमांची छाटणी, वाऱ्याने पडलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि बंबाची लाकडं, सगळं तिच्यावरच झालं. ज्यांचं काम साधारण असंच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. लाकडाच्या वखारीसाठी मशीन शोधत असाल तर हा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

आधी कामाचा अंदाज घ्या, कारण मशीन त्यावर ठरते. माझ्याकडे जुनी हापूसची कलमं आहेत, वर वर गेलेली आणि आत काळोख झालेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांच्या मधल्या उभ्या फांद्या काढायच्या, ऊन आत येईल असं करायचं. कापल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायची. बांधावर काही रायवळ (बाठ्यापासून वाढलेले) आंबे, दोन-चार फणस, खाली सुरू आणि बाभूळ. यातलं बहुतेक लाकूड मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचं असतं. दीड फुटी बुंधा वर्षातून एखादाच समोर येतो. आपण मशीन मात्र त्या एखाद्या बुंध्याकडे बघून घेतो आणि उरलेलं वर्षभर ती खांद्यावर वाहतो.

आता वजन. या विषयावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. माहितीपत्रकात एमएस २५० चं वजन ४.६ किलो लिहिलेलं आहे. हे वजन पट्टी, चेन, पेट्रोल आणि ऑईल यांच्याशिवायचं. सोळा इंची पट्टी आणि चेन धरा सव्वा किलोच्या आसपास. टाकीत ०.४७ लिटर पेट्रोल मावतं, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. चेन ऑईलच्या टाकीत २०० मिली, ते पावणेदोनशे ग्रॅमच्या वर. हातात येते ती सहा किलोंच्या पुढची वस्तू. सगळ्याच कंपन्या वजन असंच छापतात, त्यामुळे तुलना करायला हा आकडा चालतो. दुपारी तीन वाजता दंड का भरून आला हे मात्र त्यावरून कळत नाही.

शिवाय वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला फांद्या तोडताना जास्त महत्त्व. ओंडका कापताना मशीन लाकडावर टेकलेली असते, तिचा भार लाकूड घेतं. आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्या काढताना ती सतत इकडून तिकडे, वरून खाली, कधी उलटी करून खालून वर अशी फिरवावी लागते. तेव्हा पट्टीच्या टोकाकडचं प्रत्येक इंच मनगटाला जाणवतं. शेजारच्या बागेतली बावीस इंची मशीन मी चालवून पाहिली आहे. तिचं नाक कायम जमिनीकडे, आणि ते वर उचलून धरण्यातच निम्मी ताकद जाते. एमएस २५० पुढच्या दांड्याला धरून उचलली की जवळजवळ आडवी राहते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या गड्याने पहिल्या दिवशी तिच्याकडे बघून विचारलं होतं, "ह्या खेळण्यान काय होतला?" पौषात तोच ती दुसऱ्या कोणाच्या हातात देईना.

ताकदीचं बोलायचं तर ४५.४ सीसी आणि २.३ किलोवॅट. घेण्याआधी तिची धाकटी बहीण एमएस १८० एका नातेवाईकांकडे वापरून पाहिली होती. ३१.८ सीसी, ताकद दीड किलोवॅटच्या आसपास, वजन साधारण चार किलो. निव्वळ कलमांची छाटणी असती तर मी तीच घेतली असती, आणि ज्यांच्याकडे एवढंच काम आहे त्यांनी खुशाल घ्यावी. आंब्याच्या मऊ लाकडात ती छान चालते. सुकलेला ऐन किंवा सुरू पुढे आला की मात्र ती धापा टाकायला लागते, आणि आपण नकळत तिच्यावर जोर देतो. जोर दिला की चेन तापते, धार जाते, पट्टी झिजते. वरच्या बाजूला एमएस २६१ आहे. ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, आणि वजन अवघं ४.९ किलो. यंत्र म्हणून ती सरस आहे, हाताला थरथरही कमी जाणवते. पण ती रोज जंगलात राबणाऱ्या माणसाची मशीन, आणि किंमतही तशीच. हस्कवर्ना कंपनीची ४४५ ही ४५.७ सीसीची, २.१ किलोवॅटची आणि पाच किलोंच्या आसपासची. तिला जवळपास दुरुस्ती करणारा असता तर माझा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. आमच्याकडे स्टिलचा मेकॅनिक मोटरसायकलवरून अर्ध्या तासावर आहे, हे कारणही सीसीएवढंच वजनदार होतं.

सुरू करण्याचं तंत्र दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतं. बंद, चालू, अर्धा चोक, पूर्ण चोक हे सगळं एकाच खटक्यावर आहे. थंड इंजिनाला पूर्ण चोकवर दोरी ओढायची, एकदा भुर्र करून बंद पडलं की लगेच अर्ध्या चोकवर यायचं. हे न ऐकता लोक पूर्ण चोकवरच ओढत राहतात, प्लग भिजतो आणि मशिनीला शिव्या बसतात. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या दांड्यात पाय रोवून ओढायची. हवेत झोका देऊन सुरू करणारे बहाद्दर गावोगावी आहेत.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या महिन्यांत कामाचा वेग इंजिनाने कमी आणि कानशीने जास्त ठरवला. धार लावलेली चेन लाकडातून बारीक ढलपे काढते; धार गेली की पिठासारखा भुसा पडतो. भुसा पिठूळ दिसला की थांबायचं, दुसरा पर्याय नाही. माझ्या पट्टीवर ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन आहे, खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी १.६ मिमी. तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते आणि दात्याचा कोन तीस अंश. प्रत्येक दात्याला दोन-तीन हात पुरतात, पण सगळ्या दात्यांना सारखेच. एका बाजूचे दाते जास्त घासले गेले तर काप वाकडा जातो, मग पट्टी अडकते आणि आपण मशिनीला दोष देतो. दात्यासमोरची छोटी गाठ ०.६५ मिमी खाली हवी, ती मधून मधून सपाट कानशीने उतरवायची.

कोकणात धारेचा सगळ्यात मोठा शत्रू लाल माती. ओंडका जमिनीवर ठेवून आरपार कापला आणि चेन क्षणभर जांभ्याला टेकली, की सकाळी लावलेली धार संपली. सालीत अडकलेली मातीही तेच करते. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडांवर तर धुळीची पुटं असतात. मी ओंडक्याला वरून दोन तृतीयांश कापतो, मग लोळवून उरलेलं कापतो. लहान खांडांसाठी गड्याने बाभळीच्या फांद्यांची घोडी करून दिली आहे. फणसाची वेगळी कटकट. त्याचा चीक पट्टीच्या खाचेत आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, झाकणाखाली भुशासकट घट्ट बसतो. काम संपल्यावर लगेच झाकण काढून डिझेलच्या बोळ्याने पुसलं तर निघतो. दुसऱ्या दिवशी खरवडून काढावा लागतो. माडाच्या खोडाला मी ही चेन लावत नाही. ते तंतू धार फार लवकर खातात.

थोडं विषयांतर. आजच्या चेनच्या दात्याचा आकार आला तो एका किड्याकडून. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने बुंध्यात भोकं पाडणारी एक अळी बारकाईने पाहिली. ती डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंनी लाकूड कुरतडत, सरळ आणि आडवी सारख्याच सहजतेने पुढे जात होती. त्यावरून त्याने डावे-उजवे वळलेले दाते केले. ही अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातली, आणि आपल्या हापूसचा बुंधा पोखरणारा भिरूड, म्हणजे खोडकिडा, त्याच कुळातला. भिरूड लागलेली फांदी कापताना हे आठवतं आणि राग थोडा कमी होतो. थोडाच.

चेन विकत घेताना पिच, जाडी आणि खालच्या दात्यांची संख्या या तिन्ही गोष्टी पट्टीवर कोरलेल्या असतात, त्यांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. तालुक्याच्या एका दुकानात मला "सोळा इंची म्हणजे सोळा इंची" असं ठणकावून १.३ मिमी जाडीची चेन दिली गेली. १.६ च्या खाचेत ती डुलत राहते, काप सरळ जात नाही. बदलून घेताना वाद झाला तो वेगळाच.

इंधनाची शिस्त स्कूटरसारखी ढिली ठेवून चालत नाही. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑईल, म्हणजे लिटरला २० मिली, हे प्रमाण कंपनीच्या ऑईलसाठी. दुसरं टू-टी ऑईल वापरायचं तर कंपनीची पुस्तिका पंचवीसला एक सांगते. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्या दमट हवेत कॅनमध्ये महिना-दोन महिने ठेवलेलं मिश्रण सरळ फेकावं. मी आठवड्यात संपेल एवढंच कालवतो. चेनसाठी गॅरेजमधलं जळकं ऑईल ओतायची पद्धत सर्रास दिसते. त्यात धातूचा कीस असतो, त्वचेला ते घातक, आणि शेवटी उडून पडतं आपल्याच बागेत. चेन ऑईल महाग वाटतं खरं, कारण पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेही जवळजवळ संपतं. पण पट्टीची किंमत विचारून या, मग स्वस्त वाटेल.

सुरक्षेबद्दल लोकांना ऐकायचं नसतं, तरी दोन गोष्टी. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही टेकू द्यायचा नाही. फांद्यांच्या गुंत्यात तो मागच्या न दिसणाऱ्या फांदीला लागतो आणि मशीन सरळ तोंडाकडे उसळते. चेन जागीच थांबवणारा चेनब्रेक असतो त्यासाठीच. दोन पावलं चालायची असली तरी मी तो लावतो. लांब पट्टीचं टोक आपल्या नजरेपासून दूर असतं, म्हणूनही फांद्यांना आखूड पट्टी बरी. दुसरं, ही मागे दांडा असलेली मशीन झाडावर चढून चालवायची नाही. आमच्याकडे कमरेला दोरी आणि एका हातात कटर असं दृश्य रोजचं आहे. वरच्या फांद्यांसाठी मी गड्याच्या हातात साधी करवत देतो. वेळ लागतो, लागू दे.

वाऱ्याने पडलेलं झाड हे वेगळंच प्रकरण. ३ जून २०२० चं निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते, या दोन वादळांनंतर किनाऱ्यावर चेनसॉंची संख्या एकदम वाढली. पडलेल्या झाडाच्या फांद्या जमिनीला टेकून धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात. कुठली बाजू दबलेली आणि कुठली ताणलेली हे आधी बघायचं. दबलेल्या बाजूने थोडासा काप, मग ताणलेल्या बाजूने पूर्ण. उलट केलं तर पट्टी चिमटीत सापडते किंवा फांदी चाबकासारखी येते. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो. त्याच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. कानाला मफ हवेतच, आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. पायाला संरक्षक पँट आपल्या उकाड्यात नकोशी होते. मी ती सकाळी दहापर्यंत घालतो आणि चेनसॉचं कामही दहापर्यंतच करतो.

आणि हो, मशीन आली म्हणून आंबा-फणस मुळापासून पाडायचा हात मोकळा होत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, साग ही सगळी आहेत. स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी परवानगी लागते.

निव्वळ घराजवळ सरपण फोडायचं असेल आणि वीज बऱ्यापैकी असेल तर वायरवाली इलेक्ट्रिक चेनसॉ पुरते. पेट्रोल नको, धूर नको. मांगराकडे, म्हणजे बागेतल्या खोपीकडे, वीज नाही, म्हणून माझ्यासाठी ती बाद. ५८ सीसीची स्वस्त मशीन वाईटच असते असं मी म्हणणार नाही. हाताने दुरुस्ती करायची आवड असेल आणि जाड बुंधेच कापायचे असतील तर ती पैसे वसूल करते. पण तिच्यावरही सोळा-अठरा इंची पट्टी लावा. सोळा इंचीने दोन्ही बाजूंनी काप घेतला तर दोन फुटांच्या आसपासचा ओंडकाही वेगळा होतो, आमच्या रायवळाचा झाला.

आता मिश्रण काढून टाकलं, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, एअर फिल्टर झटकून धुतला, चेन ऑईलमध्ये बुडवून डब्यात ठेवली. गणपतीनंतरच बाहेर निघेल. एक गोष्ट बदलणार आहे : चौदा इंची पट्टी आणि तिच्या मापाची चेन दुकानात सांगून ठेवली आहे. बागेतलं काम तिच्यावर करायचं, सोळा इंची फक्त ओंडक्यांना.