पाठीतला ‘पू’ काढून देणाऱ्यांपासून सावध राहा

माझे एक लाख चोवीस हजार शंभर रुपये गेले. आकडा पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण अशा फसवणुकीनंतर घरोघरी “गेले थोडेफार, जाऊ द्या” असे म्हणून विषय झाकला जातो आणि तीच टोळी पुढच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची तरी पाठ शोधत फिरते.

धाकट्या मुलीच्या वेळी माझे सिझेरियन झाले, पाठीत भूल दिली गेली आणि पुढे कधीतरी कंबर दुखायला लागली. तेव्हापासून सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीने एकच निदान केले, की मणक्यात सुई घेतली म्हणजे हे दुखणे आता जन्माचे. कमरेच्या एमआरआयमध्ये चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी किंचित सरकल्याचे लिहून आले आणि त्यावरच शेक, ट्रॅक्शन, पट्टा आणि गोळ्या सुरू राहिल्या. पहाटे दुखण्याने जाग येत असे, सकाळी तासभर कंबर लाकडासारखी ताठ असे आणि डबे करता करता मोकळी होत असे. वर्गात उभे राहून शिकवताना बरे वाटे, स्टाफरूममध्ये बसले की पुन्हा तेच. या क्रमाबद्दल मला कुणीही, अगदी कुणीही, एक प्रश्न विचारला नाही.

‘पू’ काढणाऱ्या या लोकांची पद्धत बहुतेकांना ऐकून माहीत असेल. बँकेच्या रांगेत नीटनेटक्या साडीतली एक बाई माझ्या मागे उभी होती. “ताई, कंबर धरून उभ्या आहात म्हणून विचारते,” अशी तिने सुरुवात केली. तिच्या आईला अंथरुणातून उठता येत नव्हते, सिझेरियनच्या सुईचे विष मणक्यात साठून त्याचा पू झाला होता आणि एका डॉक्टरांनी घरी येऊन, ऑपरेशन न करता, तो काढला, असे तिने सांगितले. सुईचा विषय मी काढलाच नव्हता, तिने काढला. माझ्या वयाच्या बाईला असा प्रश्न विचारला की दहांतल्या कितीतरी जणी “हो, माझेही सिझेरियनच” म्हणणार, हे तिला पक्के ठाऊक होते.

ते ‘डॉक्टर’ एका मदतनिसाला घेऊन घरी आले. तपासणीचे १,५०० रुपये आधी घेतले आणि “पू निघाला तरच पुढचे पैसे, एका वेळेचे ४,०००” असे माझ्या पतींना सांगितले. किती वेळा काढावा लागेल, हे विचारल्यावर “शरीर सांगेल” असे उत्तर मिळाले. आमच्याच स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी त्यांनी मागून घेतली. ब्लेडने कमरेवर बारीक चिरा पाडल्या, त्यावर पितळी नळी टेकवली, तोंडाने ओढले आणि वाटीत पिवळट, चिकट द्रव थुंकला. प्रत्येक वेळी ओढण्याआधी ते स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरत. मदतनीस मोठ्याने आकडा म्हणत होता आणि तो सव्वीसवर थांबला, म्हणजे १,०४,००० रुपये झाले.

आता त्या क्षणाविषयी लिहिते, कारण तो अजूनही मला झोपू देत नाही. माझ्या पतींनी वाटी उचलून “हे लॅबमध्ये तपासायला देतो” असे म्हटले. मदतनिसाने ती त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, “दादा, याचा संसर्ग घरभर होईल” असे म्हणत मोरीत उपडी केली आणि वर बादलीभर पाणी ओतले. वाटीसुद्धा स्वतः घासून ठेवली. सगळे उत्तर तिथेच होते. शिवाय माझे दुखणे उजवीकडे जास्त, पण नळी डावीकडे लावली तरी पू तेवढाच निघत होता, आणि चिरांवर ठेवलेल्या कापसाला रक्ताच्या दोन-चार ठिपक्यांखेरीज काहीही लागले नव्हते. हे सगळे दिसत होते. पण पालथे झोपवलेल्या, पाठीवर ब्लेड चाललेल्या बाईने आणि तिच्याकडे बघून घाबरलेल्या नवऱ्याने त्या घटकेला भांडण काढायला हवे होते, असे आज मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे अपुऱ्या झोपेवर एक नोकरी आणि दोन मुली सांभाळून दाखवाव्यात. वाचलेल्या आणि शिकलेल्या माणसालाही कारण हवे असते. “तुमचे दुखणे खरे आहे आणि त्याचे कारण हे आहे,” असे मला त्या भामट्याच्या आधी कुणी म्हटलेच नव्हते.

घरातले ३४,००० रोख दिले, ७०,००० एका क्यूआर कोडवर गेले. पैसे ज्याच्या नावावर गेले तो माणूस डॉक्टर नव्हता. पावतीवर मोबाइल दुकानाचे नाव आले. पैसे घेणाऱ्याचे नाव आणि समोरच्या माणसाचे नाव जुळत नसेल, तर बोट तिथेच थांबवा. वर १८,६०० रुपयांची बिनलेबलची पावडर घेतली, तेही त्याच कोडवर.

त्या पावडरीने आठवड्यात आराम पडला, आणि हाच सगळ्यांत मोठा धोका आहे. चेहरा सुजला, भूक वाढली, साखर वाढलेली निघाली. पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांनी पाहताच त्यात स्टेरॉइड असल्याची शंका घेतली, पण एकदम बंद करू दिली नाही, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे दबलेले असू शकते. त्यांनी देखरेखीखाली मात्रा उतरवत नेली. तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर आज फेकू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

या संधिवाततज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला तो, हालचाल केल्यावर दुखणे कमी होते की वाढते. दुसरा प्रश्न, कधी डोळा लाल होऊन दुखला होता का. दुखला होता, आणि मी त्यावर थेंब घेऊन विसरून गेले होते. त्यांनी एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी आणि सेक्रोइलियाक सांध्यांचा, म्हणजे माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) व कटीचे हाड जुळते तिथला, एमआरआय सांगितला. आधीचा एमआरआय कमरेच्या मणक्यांसाठी काढलेला असल्याने हा भाग त्यात नीट आलाच नव्हता, आणि या आजारात साधा एक्स-रे कित्येक वर्षे स्वच्छ दिसू शकतो. निदान झाले अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस गटातल्या दाहाचे, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताचे. भुलीच्या सुईचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हा पुरुषांचाच आजार मानला गेल्याने बायकांमध्ये निदान लांबते, हेही त्यांनी सांगितले. आता दाहशामक गोळ्या आणि रोजचा व्यायाम चालू आहे, लागल्यास पुढची इंजेक्शने आहेत. ज्यांचे दुखणे पंचेचाळिशीच्या आत सुरू होऊन तीन महिन्यांहून जास्त टिकले आहे आणि विश्रांतीने वाढते, त्यांनी संधिवाततज्ज्ञांना एकदा विचारावेच. सोबत संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्या. पाय लुळे पडत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आणि आता आपली यंत्रणा. पोलीस ठाण्यात सांगितले, “मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत, सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन गेला, हा सायबरचा गुन्हा नाही. आरोग्य कार्यालयात कळले, की बोगस डॉक्टर शोधणारी समिती दवाखान्यांवर धाडी घालते, आणि याचा तर दवाखानाच नाही. औषधांच्या कार्यालयात उरलेली पावडर नेली, तर पाकिटावर उत्पादकाचे नाव नसल्याने नमुना कुणाविरुद्ध घ्यायचा, असा मलाच प्रश्न विचारला गेला. म्हणजे दवाखाना न काढता, लेबल न लावता, दुसऱ्याच्या खात्यावर पैसे घेतले की या राज्यात हात लावायला कुणी मोकळा नाही! नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करणे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा आहे, फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, हे त्या टेबलामागच्या माणसांना मी, एका शाळामास्तरणीने, छापून नेऊन दाखवायचे का? दाखवले. अर्जावर आवक शिक्का मिळाला आणि त्यापुढे काहीही नाही.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवता येते. मी ती तशीच टपालाने पाठवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर वाद न घालता आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मला हे ठाण्यात कुणी सांगितले नाही. मोबाइल दुकानाच्या नावाची ती पावती मी अर्जाला जोडली आहे आणि पोचपावती परत येण्याची वाट पाहते आहे.