काचेवरचा दुधी रंग: आडोसा मिळतो, गारवा नाही

खिडकीच्या साध्या काचेला दुधी करणारे रंग बाजारात प्रामुख्याने दोन रूपांत मिळतात: एक फवारायच्या डब्यातला, ज्याला दुकानदार ‘फ्रॉस्टेड ग्लास स्प्रे’ म्हणतात, आणि दुसरा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग, जो स्पंजच्या छोट्या रोलरने लावायचा असतो. दोन्हींची शिफारस करताना विक्रेते आडोसा आणि थंडावा ही दोन आश्वासने एका दमात देतात. मी हे दोन्ही प्रकार वापरलेले आहेत आणि माझे मत स्पष्ट आहे. पहिले आश्वासन हे रंग उत्तम पाळतात, तर दुसरे जवळजवळ पाळतच नाहीत. ज्याला आडोसा हवा आहे त्याने ते खुशाल घ्यावेत. ज्याची खोली दुपारी तापते त्याने आपला खर्च दुसरीकडे करावा.

आडोशाचा भाग आधी पाहू. दुधी लेप प्रकाश अडवत नाही, तो विखुरतो. त्यामुळे खोलीतला उजेड फारसा कमी होत नाही, उलट थेट उन्हाची तिरीप मोडून तो मऊ आणि सर्वत्र सारखा पसरतो, आणि न्हाणीघर किंवा जिन्याच्या खिडकीसाठी हा मोठाच लाभ आहे. मात्र आडोसा किती मिळेल हे माणूस काचेपासून किती दूर उभा आहे यावर अवलंबून असते. काचेला तळहात टेकवला तर पलीकडून पाचही बोटे ओळखू येतात. तोच हात वीतभर मागे घेतला की बोटे एकमेकांत मिसळतात आणि आणखी मागे नेला की नुसती सावली उरते. रात्री आत दिवा लावला की ही सावली अधिक गडद दिसते, म्हणून दिवा माणसाच्या मागे नसून माणूस आणि काच यांच्या मध्ये किंवा बाजूला असेल तर बरे. आरशासारख्या चकाकणाऱ्या फिल्मपेक्षा मला दुधी लेप अधिक भरवशाचा वाटतो तो याच कारणाने: ती फिल्म दिवसा बाहेरच्यांची नजर अडवते, पण रात्री आत उजेड आणि बाहेर अंधार असताना सगळे उलटते आणि आतला माणूस बाहेरून स्वच्छ दिसतो. दुधी लेपाच्या बाबतीत असा दगाफटका होत नाही.

न्हाणीघरासाठी घेण्यापूर्वी मात्र एक परीक्षा अवश्य करावी. काचेच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर लेप देऊन तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग त्यावर ओले बोट फिरवावे. ज्या लेपाचा दुधीपणा केवळ खरबरीत पृष्ठभागामुळे आलेला असतो, त्याचे बारीक खळगे पाण्याने भरतात आणि तेवढा पट्टा पारदर्शक होऊ लागतो, कारण प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत पाणी हवेपेक्षा काचेला कितीतरी जवळचे आहे. ज्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे रंगद्रव्य असते तो ओला झाला तरी पांढराच राहतो. रोलरने लावायच्या रंगांत असे पांढरे रंग अधिक सापडतात, म्हणून पाण्याच्या जागी माझी पसंती त्यांनाच आहे.

लावण्याच्या कामात खरी मेहनत काच पुसण्याची आहे. चौकटीच्या कडेला लावलेल्या सिलिकॉन सीलंटचा सूक्ष्म तेलकट थर काचेवर पसरलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर रंग धरत नाही आणि मासोळीच्या डोळ्यांसारखी गोल छिद्रे पडतात. त्यामुळे साबणाच्या पाण्याने धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुन्हा पुसावी आणि नंतर तिला बोट लावू नये. फवारताना डबा पाऊण ते एक फूट अंतरावर धरून, हात काचेच्या कडेबाहेरून सुरू करून दुसऱ्या कडेबाहेर थांबवावा. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. तीन-चार पातळ हात, प्रत्येकाला वाळायला वेळ देऊन, हाच खरा मार्ग आहे. मास्किंग टेप शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधीच काढावी, नाहीतर कडेचा रंग तिच्याबरोबर उचकटतो. दमट हवेत फवारणी टाळावी, कारण द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरते आणि ढगाळ डाग उमटतात. डब्यातले द्रावक आणि दाबवायू ज्वालाग्राही असतात. खिडक्या-दारे सताड उघडी ठेवून, शेगडी विझवून, मास्क लावूनच हे काम करावे. रोलरच्या रंगाला हा त्रास बहुतांशी नाही, पण त्याची पोत थोडी जाडसर येते.

आता गारव्याचा प्रश्न. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. साधी पातळ काच दिसणारा प्रकाश सुमारे 90 टक्के आत सोडते आणि या अवरक्त ऊर्जेचाही मोठा भाग सोडते. पातळ दुधी लेप यातले बरेचसे पुढच्या दिशेनेच विखुरतो, म्हणजे ऊन आत येतेच, फक्त त्याची धार जाते. चकाकी कमी झाल्याने डोळ्यांना बरे वाटते आणि तेवढ्यावरून खोली गार झाल्याचा समज होतो. तापमापक ठेवला तर तो समज टिकत नाही.

गर्द रंगाने काच आतून रंगवून टाकण्याचा उपाय तर मी कोणालाही सुचवणार नाही. तो रंग ऊन शोषतो, काच तापते आणि त्यातली बरीच उष्णता खोलीतच उतरते. शिवाय काचेचा मधला भाग तापलेला आणि चौकटीत दडलेली कड थंड, अशी स्थिती आली की साधी काच कडेपासून तडकू शकते. ‘उष्णतारोधक’ म्हणून विकले जाणारे पारदर्शक द्रव लेप याहून शहाणे आहेत; त्यांतले काही अँटिमनी-टिन ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांनी अवरक्त किरण शोषतात आणि उजेड तसाच ठेवतात. पण तेही शोषूनच काम करतात, तेव्हा काचेवर पडणारा ताण आणि आत झिरपणारी उष्णता हे दोन्ही मुद्दे राहतातच, आणि आडोसा त्यांतून मिळत नाही. खरोखर उपयोगी पडतो तो काचेच्या बाहेरून दिलेला पांढरा थर, कारण तो ऊन आत शिरण्यापूर्वीच परतवतो. हरितगृहांच्या काचांवर उन्हाळ्यापुरता चुन्याचा लेप देऊन हंगाम संपल्यावर तो धुऊन काढण्याची रीत याच तत्त्वावर उभी आहे. घरात मात्र त्यामुळे बाहेरचे काहीच दिसेनासे होते, म्हणून बाहेरून लावलेला पडदा किंवा झाप मला अधिक समंजस वाटतो.

दोन काचांच्या सीलबंद खिडक्यांवर कोणताही लेप देण्यापूर्वी खिडकी बनवणाऱ्याला विचारावे. अतिरिक्त तापमानाने कडेचे सील निकामी होऊ शकते. रंग काढायची वेळ आली तर साध्या काचेवरचा दुधी लेप ओला करून धारदार ब्लेडने तिरका खरवडला की सुटतो आणि राहिलेले डाग अ‍ॅसिटोनने जातात. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, काचेवर मात्र ब्लेड फिरवू नये. तिच्या पृष्ठभागावर भट्टीतले बारीक कण चिकटलेले असू शकतात, ते ब्लेडखाली घासले जाऊन लांब ओरखडे पडतात. तेथे द्रावकात भिजवलेले फडके काही वेळ लावून ठेवावे आणि मऊ झालेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावा.