वेयॉन : बावीस पडदे, एक लॅपटॉप

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात 22 संगणक आणि शिकवणारी मी एकटी. 35 मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटं सगळे संगणक सुरू करून घेण्यात जायची. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांवर वेयॉन टाकलं, म्हणजे वर्गातले सगळे संगणक शिक्षकाच्या एका संगणकावरून पाहायचं आणि हाताळायचं सॉफ्टवेअर. आता पूर्ण सत्र वापरून लिहितेय.

सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. माझ्या लॅपटॉपवर ‘मास्टर’, ज्यात प्रत्येक संगणकाचा पडदा एका छोट्या चौकटीत दिसतो; मुलांच्या संगणकांवर फक्त सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा भाग. ओळख पटवायला दोन किल्ल्या, म्हणजे जोडीच्या दोन फाइली, लागतात: खासगी किल्ली लॅपटॉपवर ठेवायची, सार्वजनिक किल्ली बाकी सगळीकडे. खासगी किल्ली चुकूनही मुलांच्या संगणकावर जाऊ देऊ नका. ती ज्याच्या हाती लागेल, तो कोणाचाही पडदा उघडेल.

मला सगळ्यात जास्त छळलं ते आयपी पत्त्यांनी, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला मिळणाऱ्या क्रमांकांनी. वीज जाऊन आली की राउटर नवे पत्ते वाटायचा आणि माझ्याकडे अर्ध्या चौकटी रिकाम्या. शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबले, प्रत्येक संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) वहीत उतरवला आणि राउटरमध्ये आयपी कायमचे बांधून टाकले. तेच मॅक पत्ते वेयॉनमध्ये भरले की ‘वेक ऑन लॅन’ने (नेटवर्कवरून संगणक चालू करायच्या सोयीने) संगणक लॅपटॉपवरून सुरू होतात. त्यासाठी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सोय चालू हवी, नेटवर्कची केबल जोडलेली हवी आणि मेन स्विच चालू हवा. आमचे 19 असे उठतात, तीन जुन्यांना अजून बटणच दाबावं लागतं. बंद मात्र सगळे एका क्लिकने.

पडदे कुलूपबंद करण्याची सोय मी तासाला दोनदाच वापरते, नवीन काही सांगायचं असेल तेव्हा. डेमोत माझा पडदा सगळ्यांकडे दिसतो. वाय-फायवर तो अडखळायचा, म्हणून लॅपटॉपला सरळ नेटवर्क स्विचची (सगळ्या संगणकांच्या केबल जोडायच्या पेटीची) केबल लावली आणि तो सुरळीत झाला.

पण मला हे सॉफ्टवेअर आवडलं ते वेगळ्याच कारणाने. आठवीत मागच्या बाकावर एक मुलगा बसतो, कधीच हात वर करत नाही. कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये) गुणपत्रिका करताना त्याची चौकट बराच वेळ तशीच दिसत होती. उघडून पाहिलं, तर बेरजेच्या सूत्राआधी ‘=’ नव्हतं. मी इथूनच ते एक चिन्ह टाकलं आणि एंटर दाबलं. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. वर्गात कोणाला काही कळलं नाही. दोन मिनिटांनी पाहते तर पुढच्या रकान्यात त्याची सरासरी काढून झाली होती.

पडदे मला दिसतात हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पालकांच्या सभेतही. तुम्हीही आधी सांगा, मगच लावा.