जुनी रोड बाइक: फिक्स्ड करायची की सिंगल स्पीड? नागपूरच्या रस्त्यांच्या हिशोबानं

घरी जुनी गिअरवाली रोड बाइक पडून आहे, डिरेलर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा) गंजलाय, शिफ्टरची केबल कधीच तुटलीय, सहा गिअरपैकी दोनच नीट लागतात, आणि आता ते सगळं काढून तिला एकाच गिअरची करायची एवढं ठरलंय असं धरून चालतो. मग प्रश्न येतो, फिक्स्ड करायची का सिंगल स्पीड. माझं मत आधीच सांगून टाकतो: नागपुरात रोज ऑफिस-कॉलेजला चालवायची असेल तं फ्रीव्हीलवाली सिंगल स्पीड करा. फिक्स्ड करायची असेल तं तुमची फ्रेम तशी पाहिजे आणि खरं ट्रॅक हब (फिक्स्डसाठीच बनवलेला चाकाचा मधला भाग) घ्यायची तयारी पाहिजे, आणि या दोन्हींच्या मधला जो जुगाड गल्लीतला मेकॅनिक सुचवतो तो मात्र अजिबात करू नका.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. दोन्हीत पुढे एक चेनव्हील आणि मागे एकच दातेरी चक्र. सिंगल स्पीडमध्ये मागे फ्रीव्हील असतं, म्हणजे पायडल मारणं थांबवलं तरी सायकल आपली टिकटिक करत पुढे जाते, घरोघरच्या काळ्या हिरो-ॲटलसमध्ये असतं तेच. फिक्स्डमध्ये मागचा कॉग, म्हणजे ते दातेरी चक्र, हबला पक्का बसवलेला असतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. उतारावर, वळणावर, स्पीड ब्रेकरवर, कुठंच पाय थांबवता येत नाहीत. उलट पायानं जोर रोखला की मागचं चाक हळू होतं, म्हणजे पायच अर्धा ब्रेक.

आता कोणती भारी वाटते हे जरा बाजूला ठेवा आणि आधी सायकलच्या मागच्या चाकाजवळ बसा. ज्या खाचेत मागचा एक्सल बसतो ती खाच आडवी आहे का उभी ते बघा. नट ढिले करून चाक पुढे-मागे सरकत असेल तं खाच आडवी, चाक फक्त खाली निघत असेल तं उभी. जुन्या स्टीलच्या रोड फ्रेमला बहुतेक वेळा आडवी किंवा तिरपी खाच असते आणि ते नशीबच समजा, कारण एकाच गिअरच्या सायकलमध्ये चेन टाइट करायची तं चाकच मागे ओढावं लागतं. अलीकडच्या ॲल्युमिनियमच्या रोड बाइकला उभी खाच असते. तिच्यावर सिंगल स्पीड होते, चेन टेन्शनर लावला की झालं, जुना डिरेलर चालू असेल तं तोसुद्धा टेन्शनर म्हणून चालतो. पण फिक्स्डला टेन्शनर चालत नाही. पाय रोखले की चेनची खालची बाजू ताणली जाते, आणि टेन्शनर नेमका त्याच खालच्या बाजूला स्प्रिंगवर लटकलेला असतो, तो वाकतो नाही तं तुटतो. उभ्या खाचेवर फिक्स्ड करायला एक्सेंट्रिक हब वगैरे महागडे उपाय आहेत, पण घरी पडलेल्या जुन्या सायकलवर एवढा खर्च काहून करायचा?

दुसरं माप म्हणजे मागच्या दोन पात्यांमधली जागा. ट्रॅक हब १२० मिमीचं असतं, जुन्या पाच-सहा गिअरच्या रोड बाइकमध्ये जागा १२० नाही तं १२६ मिमी असते, आठ गिअरपासून पुढच्यांमध्ये १३०. १२६ मध्ये १२० चं हब बसवायचं तं दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमीचे वॉशर टाकले की काम होतं. १३० ची असेल तं वॉशर जास्त लागतात, तेही चालतं. स्टीलची फ्रेम थोडी दाबली तरी सहन करते, ॲल्युमिनियमची मात्र जबरदस्तीनं दाबू नका.

मग हब. फिक्स्ड आणि सिंगल स्पीडमधला खरा फरक इथं आहे आणि धोकाही इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या स्क्रूवाल्या हबवर फ्रीव्हील सरळ आट्यांवर फिरवून बसतं, तुम्ही पायडल मारता तसं ते अजून घट्ट होत जातं. ट्रॅक कॉगचे आटेही तेच असतात, त्यामुळे साध्या हबवर ट्रॅक कॉग आरामात बसतो आणि लोकांना वाटतं झालं फिक्स्ड. पण फिक्स्डमध्ये तुम्ही पाय उलटा रोखता तेव्हा जोर बरोबर उलट्या दिशेनं लागतो, म्हणजे कॉग सुटायच्या दिशेनं. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर कॉगच्या बाहेर अजून एक थोडी लहान आट्यांची पायरी असते, तिचे आटे उलटे असतात आणि तिच्यावर लॉकरिंग बसते. कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगवर दाबतो आणि ती उलट अजून आवळते. साध्या हबवर ही पायरीच नाही. लोक लॉकटाइट (आट्यांना चिकटवायचा गोंद) लावून वरून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलचा एक्सल फ्रेममध्ये बसतो तिथली, रिंग बसवतात, काही मेकॅनिक तं म्हणतात "भाऊ, फ्रीव्हीललाच वेल्डिंग मारून देतो, फिक्स्ड होऊन जाते". वेल्ड केलेलं फ्रीव्हीलही त्याच सरळ आट्यांवर बसलेलं असतं, पाय जोरात रोखला की ते सुटणार, आणि सुटणार कधी, तं समोर अचानक ऑटो थांबला आणि तुम्ही जीव खाऊन पाय रोखले तेव्हा. असल्या हबला जगभर सुइसाइड हब म्हणतात, उगाच नाही म्हणत.

सिंगल स्पीडला ही भानगडच नाही. स्क्रूवालं हब असेल तं जुनं पाच-सहा चकत्यांचं फ्रीव्हील काढा (त्याला बरोबर मापाचा पाना लागतो, छिन्नी-हातोडीनं काढू देऊ नका, आटे खराब होतात) आणि तिथं साधं १६ किंवा १८ दातांचं फ्रीव्हील लावा, आपल्या साध्या सायकलींचं जे मिळतं तेही बऱ्याचदा बसतं, फक्त ते जाड चेनचं असतं म्हणून चेनही तशीच घ्या. कॅसेटवालं हब (ज्यावर चकत्या आट्यांनी न बसता खाचांत सरकवून बसतात) असेल तं अजून सोपं, कॅसेट काढून एक कॉग आणि दोन्हीकडे स्पेसर, म्हणजे चेनची लाइन पुढच्या चेनव्हीलच्या सरळ रेषेत आणता येते. कॅसेटवालं हब फिक्स्ड करता येत नाही, त्यासाठी मागचं चाकच बदलायचं.

चेनची लाइन मात्र दोन्हींत सरळ पाहिजे, फिक्स्डमध्ये तं जास्तच. सिंगल स्पीडची चेन पडली तं हात काळे होतात, फिक्स्डची चेन चालू सायकलवर पडून अडकली तं मागचं चाक जाम होतं. एक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे केले की लाइन जुळते, पण मग चाक मधोमध राहत नाही, तारा आवळून रिम परत मध्यावर आणावी लागते. हे काम चाकाचा आउट काढणाऱ्या जुन्या मेकॅनिककडूनच करून घ्या. आणि जुन्या सायकलला २७ इंची चाकं असतील नि तुम्ही नवीन ७००सी चाक आणलं तं रिम चार मिमीनं खाली जाते, ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का ते विकत घ्यायच्या आधी बघा.

आता रस्त्यावर. नागपूर सपाट आहे, सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तं शहरात गिअरची गरज पडावी असं फारसं काही नाही, म्हणूनच इथं एका गिअरची सायकल एवढी शोभते. पण सपाट म्हणजे सोपं असं नाही राजेहो. रात्री उशिरा गल्लीतून येताना कुत्री मागे लागतात, साध्या सायकलवर आपण पाय वर घेऊन तशीच जाऊ देतो. फिक्स्डवर पाय वर घेता येत नाही, घेतले तं पायडल पोटऱ्यांवर आदळतात. पाटी नसलेले घरगुती स्पीड ब्रेकर, सिमेंट रोडचे जोड आणि रोडची कड जिथं एकदम खाली उतरते ती जागा, यांवर सिंगल स्पीडला दोन्ही पाय समान पातळीवर ठेवून उभं राहता येतं, गुडघे झटका खातात, कंबर वाचते. फिक्स्डवर पाय फिरत असतात, त्यामुळे झटका सीटवरूनच येतो. वळणावर सायकल कलली की आतला पायडल रस्त्याला घासू शकतो, रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असतो आणि जुने क्रँक (पायडलचे दांडे) १७० मिमीचे असतात, फिक्स्ड करायची तं १६५ चे शोधा. इतवारी-महालच्या गर्दीत जिथं दर दहा पावलांवर कोणीतरी आडवं येतं तिथं मी कोणालाही पहिल्याच महिन्यात फिक्स्ड घेऊन जा म्हणणार नाही. आणि मे महिना. २०१३ च्या मेमध्ये इथं ४७.९ डिग्री गेलं होतं, तसल्या दिवसात समोरून लू येत असताना दोन मिनिटं पाय न मारता सायकल सोडून देता येणं ही चैन नाही, गरज आहे.

तरी फिक्स्डची बाजू मी कमी लेखत नाही, उलट मला ती मनापासून आवडते. हिवाळ्यात पहाटे फुटाळ्यावरून निघून व्हीआयपी रोडनं किंवा रिकाम्या वर्धा रोडनं जा, पाय आणि चाक एकच होतं, स्पीड पायातूनच कळतो, पायातूनच कमी होतो, ब्रेकला हात लावायची वेळ क्वचित येते. पावसात रस्ता निसरडा असताना मागचं चाक किती पकडतंय हे तळपायाला कळतं. सिग्नलवर पाय न टेकवता जागेवर उभं राहणं फिक्स्डवर लवकर जमतं. पायडल गोल फिरवायची सवय लागते ती नंतर गिअरवाल्या सायकलवरही कामी येते. ज्याला सायकल चालवणं हेच आवडतं, कुठं पोचायची घाई नाही, त्यानं फिक्स्ड जरूर करावी.

पण पुढचा ब्रेक ठेवूनच. ब्रेक काढलेले फोटो छान दिसतात, आपल्या ट्रॅफिकमध्ये ते चालत नाही. पायानं थांबायला पुढच्या ब्रेकच्या मानानं खूप जास्त अंतर लागतं आणि फिक्स्डची चेन तुटली किंवा पडली तं पायाचा ब्रेक पूर्णच गेला. सिंगल स्पीडला तं पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक पाहिजेतच, कारण पायाचा काही उपयोग नाही. फिक्स्डला पायडलवर टो क्लिप (बोटं अडकवायची कडी) आणि पट्टे लागतात, सुटा पाय फिरत्या पायडलवरून निसटला तं परत ठेवणं कठीण जातं. अजून एक सांगतो, घरात सायकल उलटी करून फिक्स्डचं चाक फिरवत फडक्यानं चेन पुसू नका. फडकं अडकतं, चाक थांबत नाही आणि बोट जातं. लहान मुलं असलेल्या घरात हे लक्षात ठेवाच.

गिअर किती ठेवायचा यावर लोक फार गोंधळतात. पुढे ४४ मागे १६ असेल तं पायाच्या एका फेऱ्यात चाक पावणेतीन वेळा फिरतं, मिनिटाला ८० फेरे मारले तं साधारण २८ चा स्पीड येतो, रिकाम्या रस्त्यावर मस्त, पण प्रत्येक सिग्नलवरून उठताना गुडघ्यावर येतं. रोजच्या शहरासाठी सिंगल स्पीडला ४२-१८ घ्या, तेवढ्याच फेऱ्यांत २३-२४ चा स्पीड, आणि उड्डाणपुलाचा चढ बसूनच निघतो. फिक्स्डवर फार हलका गिअरही त्रास देतो कारण उतारावर पाय गरागरा फिरतात, ४४-१६ वरच ४० च्या स्पीडला पाय मिनिटाला ११५ फेरे घेतात, ४२-१८ वर त्याहून कितीतरी जास्त. फिक्स्डवर मागचं चाक घसरवून थांबायची हौस असेल तं दातांचा हिशोब अजून एका कारणानं बघा: ४८-१६ ठेवलं तं चाक प्रत्येक वेळी टायरच्या एकाच जागेवर घासतं, टायर तिथंच फाटतो, ४६-१७ ठेवलं तं तीच घासण १७ जागांत वाटली जाते.

ज्याचं ठरतच नाहीये त्याच्यासाठी फ्लिप-फ्लॉप हबचं चाक आहे, एका बाजूला लॉकरिंगसकट फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, चाक काढून उलटं लावलं की सायकल बदलली. ही कल्पना जुनी आहे, टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगीच नव्हती, तेव्हा रेसर लोक घाट आला की उतरून मागचं चाक उलटं करून लावायचे. आडवी खाच असेल आणि बजेट असेल तं मी हेच घ्यायला सांगेन, पहिले काही महिने फ्रीव्हीलवर चालवा, मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर फिक्स्ड करून बघा. दोन्हीकडे दात सारखेच ठेवा, नाही तं चाक उलटवताना एक्सल पुढे-मागे होतो आणि दर वेळी ब्रेकचे रबर जुळवत बसावे लागतात. खर्चाचं म्हणाल तं साध्या सिंगल स्पीडचं काम फ्रीव्हील, चेन आणि मजुरी धरून बऱ्यापैकी स्वस्तात होतं, ट्रॅक हबचं चाक घेतलं की हिशोब हजारांत जातो.

आणि तुमचा बेत लांबचा असेल, रामटेकला गडमंदिरापर्यंत चढायचं, चिखलदऱ्याचा घाट करायचा, ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करायच्या, तं दोन्ही सोडा, डिरेलर दुरुस्त करून गिअरच ठेवा. याच शहरातल्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका ओलांडायची सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली, तसली ओढ ज्याला लागलीय त्यानं गिअर काढून टाकण्यात अर्थ नाही.

काम झाल्यावर काढलेले शिफ्टर, डिरेलर, जुनं चाक भंगारात देऊ नका, उद्या मन बदललं तं जुन्या मापाचे पार्ट शोधताना जीव जातो. चेन टाइट करताना वर-खाली साधारण एक सेंटीमीटर हलेल एवढी ठेवा, तारेसारखी ताणली तं बेअरिंग लवकर जातात. आणि ज्यांनी फिक्स्ड केलीय त्यांनी पहिल्या काही राइडनंतर लॉकरिंग परत एकदा आवळा, कारण चढावर जोर लावला की कॉग आट्यांवर अजून थोडा आत बसतो आणि लॉकरिंग ढिली पडते.