प्रोटॉन की टुटा? ईमेल हलवण्याआधी

दोन्ही ईमेल सेवा: प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचं, टुटा जर्मनीतल्या हॅनोव्हरचं. दोघांचंही म्हणणं एकच: तुमच्या पेटीतली पत्रं आम्हालाही वाचता येत नाहीत.

फरक तपशिलात आहे. प्रोटॉन पीजीपी, म्हणजे पत्रं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याची एक खुली पद्धत, वापरतं, त्यामुळे पीजीपी वापरणाऱ्या बाहेरच्या माणसाशीही कुलूपबंद पत्रव्यवहार जमतो; पण पत्राचा विषय त्या कुलपात येत नाही. ‘बायोप्सी रिपोर्ट’ एवढे दोन शब्दही पुष्कळ सांगून जातात! टुटा विषयही झाकतं, मात्र थंडरबर्डसारख्या संगणकावर ईमेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये ते चालत नाही. प्रोटॉन चालतं, पैसे भरून ‘ब्रिज’ हा त्यांचा जोडणी करून देणारा प्रोग्रॅम घेतला तर.

आता भरवशाचं. २०२१ मध्ये स्विस आदेशानंतर प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. टुटालाही २०२० मध्ये जर्मन न्यायालयाने एका खात्यात येणारी साधी, म्हणजे कुलूप नसलेली, पत्रं पोलिसांना द्यायला लावली. म्हणजे कायद्यापुढे दोघंही झुकतात. आधीपासून कुलूपबंद असलेला मजकूर तेवढा शाबूत राहतो. २०२४ मध्ये प्रोटॉनची सूत्रं ना-नफा फाउंडेशनकडे गेली, हे मला मोलाचं वाटतं. पण कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याचा आदेश दिला होता, हेही लक्षात ठेवा.

मी प्रोटॉन घेतलं, पण स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे पत्त्यात @ नंतर माझंच विकत घेतलेलं नाव. बँक, डिमॅट, विमा, गॅस, सगळीकडे पत्ता बदलताना तीन रविवार गेले. उद्या टुटाकडे जायचं ठरलं, तर पत्ता तोच राहील.