ल्युकेमियाच्या केमोत बुरशीपासून बचाव: फ्लुकोनॅझोल की पोसाकोनॅझोल?

अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या (एएमएल, रक्ताचा एक कर्करोग) पहिल्या केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटर रक्तात 500 च्या खाली जातात आणि बरेचदा दोन-तीन आठवडे वर येत नाहीत. हा काळ सात-दहा दिवसांहून लांबणार असेल, तर नुसत्या कॅन्डिडाचा (यीस्ट जातीची बुरशी) विचार करून भागत नाही. हवेतून फुप्फुसात जाणारा बुरशीचा प्रकार, अ‍ॅस्परजिलस हिशेबात धरावाच लागतो.

फ्लुकोनॅझोल (रोज 400 मिग्रॅ) स्वस्त आहे, सहज पचनी पडतं. पण अ‍ॅस्परजिलस आणि म्युकरवर त्याचा उपयोग नाही, कॅन्डिडा क्रुसेईही दाद देत नाही. न्यूट्रोफिल थोडेच दिवस कमी राहणार असतील तर ते ठीक.

एएमएलमध्ये आमचा कौल पोसाकोनॅझोललाच. 2007 च्या मोठ्या चाचणीत त्यावर 2 टक्के रुग्णांना खोलवरचा बुरशीसंसर्ग झाला. फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोलवर 8 टक्के. गोळ्या पहिल्या दिवशी 300 मिग्रॅ दोनदा, नंतर रोज एकदा. कुटून देऊ नयेत. पातळ औषधाचं मात्र जपावं लागतं: तोंड सोललंय, जुलाब आहेत, पॅन्टोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) चालू आहे, स्निग्ध जेवण जात नाही, की रक्तातली पातळी घसरते. पाचव्या ते सातव्या दिवशी, पुढच्या डोसआधी, ती 0.7 मायक्रोग्रॅम प्रति मिलि.च्या वर हवी.

व्हिन्क्रिस्टिन (केमोचं एक औषध) चालू असेल तर ही दोन्ही अ‍ॅझोल शक्यतो टाळा, पोसाकोनॅझोल तर नक्कीच: व्हिन्क्रिस्टिन अंगात साचून आतडी ठप्प होतात, झटके येतात. तिथे मायकाफंगिन (वेगळ्या गटातलं बुरशीविरोधी औषध) बरं. व्हेनेटोक्लॅक्ससोबत (ल्युकेमियावरची गोळी) पोसाकोनॅझोल द्यायचंच असेल, तर व्हेनेटोक्लॅक्स 70 मिग्रॅवर आणा. ईसीजी आणि पोटॅशियम पाहत राहा.